फॉरमॅट मारण्याआधी

सास्तूर हे धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्याचं गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात शेजारच्या किल्लारीबरोबर हे गावही कोसळलं आणि नंतर नव्याने उभं राहिलं. त्या नव्या घरांतली मुलं आता मोठी झाली, त्यांची मुलं शिकू लागली आणि घरात कॉम्प्युटर आला. कुणाकडे शहरातून आणलेला जुना लॅपटॉप असतो, कुणाकडे हप्त्यावर घेतलेला नवा. त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ चालतात, महाडीबीटीचे अर्ज भरले जातात, सातबारा उतरवून घेतला जातो, लग्नाचे फोटो साठवले जातात. मग एके दिवशी मशीन हँग होऊ लागतं, ब्राउझर उघडला की भलतंच पान येतं, कोपऱ्यात जाहिराती उडू लागतात. तालुक्याच्या दुकानात नेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल.’

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. कधी कधी तो खरोखरच शेवटचा उपाय असतो, पण पहिला क्वचितच. घरच्या कॉम्प्युटरमधले बहुतेक संशयास्पद प्रोग्राम ओळखता येतात, त्यांची जागा सापडते आणि फोटो किंवा कागदपत्रांना धक्का न लावता ते काढता येतात. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. महाराष्ट्रात गावोगावी चालणारा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम केलेल्या माणसाला येतं तेवढं पुरतं. प्रत्येक अनोळखी प्रोग्रामबद्दल तीन गोष्टी तपासायच्या: तो कुठून आला, कुठे बसला आहे आणि कशाने सुरू होतो.

या कामाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या कुटुंबातले कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. कॉम्प्युटर आले तसे तेही दुरुस्तीसाठी त्यांच्या टेबलावर येऊ लागले आणि त्यांतल्या कित्येकांत यंत्राचा बिघाड नसून व्हायरस असल्याचं दिसू लागलं. धाकटा भाऊ संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकत होता. दुकानात येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढण्यासाठी त्याने छोटे छोटे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. १९९३ मध्ये दोघांची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी आकाराला आली आणि १९९५ मध्ये क्विक हील हा अँटीव्हायरस बाजारात आला. हीच कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. भारतातला हा नावाजलेला अँटीव्हायरस दुरुस्तीच्या दुकानात जन्मला, आणि तोही अशा दुकानात जिथे डिस्क पुसून मोकळं होण्याऐवजी आत नेमकं काय बसलंय हे शोधलं गेलं.

त्या काळचे व्हायरस फ्लॉपीतून यायचे. ६ मार्चला जागा होऊन डिस्कवरची माहिती उद्ध्वस्त करणारा मायकलअँजेलो हा त्यांतला गाजलेला. आजचा बहुसंख्य उपद्रव वेगळ्या जातीचा आहे. त्याला डिस्क उद्ध्वस्त करायची नसते, त्याला पैसे कमवायचे असतात. त्यामुळे तो मशीन बंद पाडत नाही, चालू ठेवतो आणि शक्य तितका गुपचूप राहतो.

याचं भारताशी थेट जोडलेलं उदाहरण म्हणजे फायरबॉल. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने जून २०१७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. बीजिंगच्या राफोटेक नावाच्या जाहिरात कंपनीने तो बनवला होता. ब्राउझरचं मुखपृष्ठ आणि सर्च इंजिन बदलून वापरकर्त्याला बनावट शोधपानावर न्यायचं आणि त्या रहदारीतून कमाई करायची, एवढंच त्याचं वरवरचं काम. पण हवा तो दुसरा प्रोग्राम उतरवून चालवण्याची ताकदही त्याच्यात होती. चेक पॉइंटच्या अंदाजानुसार जगात २५ कोटी कॉम्प्युटरवर तो पोचला होता आणि त्यांतले २ कोटी ५३ लाख भारतातले, म्हणजे देशांच्या यादीत आपण पहिले. मायक्रोसॉफ्टने हा अंदाज फुगवलेला असल्याचं सांगितलं. आकडा कोणाचाही धरा, तो घरात शिरला कसा हे पाहण्यासारखं आहे: फुकटच्या प्रोग्रामसोबत जोडून. वायफाय वाटून देणारा किंवा नवा ब्राउझर म्हणून काहीतरी उतरवलं, इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ केलं आणि त्या रांगेत मधेच हा आत आला. दार वापरकर्त्यानेच उघडलं होतं.

म्हणून पहिली तपासणी तारखेची. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ आणि त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडा आणि यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास कधी सुरू झाला हे घरात कुणाला तरी आठवतच असतं: पोराने गेम टाकला त्या आठवड्यात, प्रोजेक्टसाठी व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा. त्या तारखेच्या आसपास आणखी काय काय आत आलं ते यादीत शेजारीशेजारी दिसतं. ‘पीसी क्लीनर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘रजिस्ट्री ऑप्टिमायझर’ अशी नावं, कधी न ऐकलेला ब्राउझर, शोधपट्टी. कॉम्प्युटर वेगवान करून देतो म्हणणारे हे प्रोग्राम आधी शेकडो ‘चुका’ सापडल्याचं दाखवतात आणि त्या दुरुस्त करायला पैसे मागतात. रजिस्ट्रीतल्या किरकोळ शिल्लक नोंदींनी मशीन मंद होत नाही. असे प्रोग्राम बेधडक काढून टाकावेत.

एक मोठा गैरसमज इथेच दूर करायला हवा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली येणारी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ अशी चौकट बहुधा कुठल्याही व्हायरसची नसते. कधीतरी सिनेमा उतरवण्याच्या किंवा क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं. त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळते आणि ती ब्राउझरमार्फत जाहिराती पाठवत राहते. अँटीव्हायरसला यात काही सापडत नाही, कारण डिस्कवर काही नसतंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइटच्या परवानग्या आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडलं की परवानगी असलेल्या साइटची नावं दिसतात. अनोळखी नावं काढली की दोन मिनिटांत उपद्रव थांबतो. एवढ्यासाठी फॉरमॅट मारलेली मशीन आणि गेलेले फोटो यांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारी आणि ‘मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ असं सांगणारी पानं हा याच प्रकाराचा धोकादायक अवतार. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. त्या नंबरवर बसलेला माणूस एनीडेस्कसारखा दुरून मशीन हाताळण्याचा प्रोग्राम टाकायला लावतो. एनीडेस्क स्वतः वैध आहे, पण त्याचा वापर करून बँक खाती रिकामी होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र’च्या दुसऱ्या टप्प्यात अशाच बनावट मदत केंद्रांवर छापे घातले, तेव्हा तक्रारदारांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन होते. असं पान आलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर तिथून बंद करावा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ या प्रश्नाला नकार द्यावा.

टास्क मॅनेजर हे घरच्या तपासणीतलं सर्वांत उपयोगी साधन आहे आणि ते प्रत्येक विंडोजमध्ये असतंच. उघडल्यावर चालू प्रोग्रामची यादी येते, शेजारी कोण किती प्रोसेसर आणि किती मेमरी खातोय त्याचे रकाने. अनोळखी नाव दिसलं की त्यावर उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावं. आता तो प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये राहतो ते समोर येतं, आणि नावापेक्षा पत्ता जास्त बोलतो. नेहमीचे प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असतात, विंडोजचे स्वतःचे ‘विंडोज’ फोल्डरातल्या ‘सिस्टम ३२’मध्ये. ‘टेम्प’ फोल्डरात किंवा ‘ॲपडेटा’च्या पोटात अक्षरं-आकड्यांच्या अर्थहीन नावाच्या फोल्डरात बसलेला प्रोग्राम संशयाला पात्र आहे. अर्थात ॲपडेटात राहणारा प्रत्येक जण चोर नसतो, कित्येक नामांकित ॲप्सही तिथेच राहतात. म्हणून पुढची पायरी: त्या फाइलवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘डिजिटल सिग्नेचर्स’. बड्या कंपन्या आपल्या फाइलवर सही करतात. ‘मी मायक्रोसॉफ्टचा’ म्हणणाऱ्या फाइलवर सही नसेल आणि ती टेम्पमध्ये राहत असेल, तर आणखी पुरावा शोधायला हवाच.

नावाची नक्कल ही फार जुनी युक्ती आहे. विंडोजमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची खरी प्रक्रिया असते, एकाच वेळी तिच्या डझनावारी प्रती चालू असतात. त्या गर्दीत मधली दोन अक्षरं उलटसुलट करून ‘एससीव्हीहोस्ट’ नावाने कुणी घुसलं तर सहज नजरेत येत नाही. तसंच नाण्यांच्या उत्खननाचं, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टो चलन कमावण्याचं काम करणारे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडताच थांबतात आणि बंद केल्यावर पुन्हा जोर धरतात. पंखा घरघरतोय, लॅपटॉप तापलाय आणि यादी उघडली की लगेच सगळं शांत, असं वारंवार होत असेल तर त्याची दखल घ्यावी.

मंद चालणारं प्रत्येक मशीन मात्र व्हायरसचं नसतं. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव बरंच काम करताना दिसलं की लोक दचकतात. तो विंडोजचा स्वतःचा पहारेकरी डिफेंडर आहे, तपासणी चालू असताना तो मशीन थोडं जड करतो. आठ-दहा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा रकाना कायम शंभर टक्क्यांवर असेल, तर कारण बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क असते आणि तिच्या जागी एसएसडी बसवली की मशीनला नवा जन्म मिळतो. दोन-दोन अँटीव्हायरस टाकलेलं मशीनही रेंगाळतं. मुदत संपलेला अँटीव्हायरस ठेवून देण्यात अर्थ नाही. तो काढून टाकला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे.

अनोळखी फाइलबद्दल दुसरं मत हवं असेल तर व्हायरसटोटल ही सेवा आहे. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही साइट २०१२ मध्ये गुगलने घेतली. फाइल चढवली की ती साठ-सत्तर अँटीव्हायरसकडून तपासून मिळते. त्यांतल्या एकाच अनोळखी कंपनीने बोट दाखवलं तर घाबरू नये, पण नामांकित दहा-पंधरा जण एकमुखाने बोलू लागले तर शंका उरत नाही. एक काळजी मात्र घ्यायची: तिथे चढवलेली फाइल जगभरच्या संशोधकांना पाहता येऊ शकते. प्रोग्राम चढवावेत, आधार कार्ड किंवा बँकेची कागदपत्रं कधीही नाहीत.

तिसरा प्रश्न उरला, कशाने सुरू होतो? काढलेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी परत येतो तो याच प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात कॉम्प्युटर चालू होताच उठणाऱ्या प्रोग्रामची यादी असते, पण ती अपुरी आहे. ठरावीक वेळी प्रोग्राम चालवणारं ‘टास्क शेड्युलर’, पार्श्वभूमीला चालणाऱ्या ‘सर्व्हिसेस’, ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये मागे चिकटवलेला पत्ता, अशा अनेक वाटा आहेत. त्या सगळ्या एका जागी दाखवणारं ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात मिळतं. ते लिहिणाऱ्यांपैकी मार्क रुसिनोविच यांनीच २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतून कॉम्प्युटरमध्ये लपून बसणारा प्रोग्राम उघडकीला आणला होता. नामवंत कंपनीची विकतची सीडीसुद्धा असं करू शकते, हे तेव्हा जगाला कळलं. ऑटोरन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची सोय आहे, ती आधी लावावी म्हणजे यादी आटोक्यात येते. गुलाबी ओळी म्हणजे सही नसलेले किंवा सही न पटलेले प्रोग्राम, पिवळ्या म्हणजे फाइलच जागेवर नाही. गुलाबी दिसली म्हणून पुसून टाकायची घाई करू नये. समोरच्या चौकटीतली खूण काढली की नोंद निष्क्रिय होते. मशीन पुन्हा चालू करून दोन दिवस वापरून पाहावं, काही अडलं तर खूण परत करता येते.

काढायला सुरुवात करताना पहिलं काम म्हणजे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेणं. त्यात कुठलेही इन्स्टॉलर किंवा प्रोग्राम नकोत. मग नेट बंद. सेटिंग्जमधून संशयास्पद प्रोग्राम रीतसर ‘अनइन्स्टॉल’ करावेत. त्यांची फोल्डरं थेट उडवू नयेत, नाहीतर अर्धे अवशेष मागे राहतात. अनइन्स्टॉल होताना ‘खरंच काढायचं का, सवलत देतो’ अशा चौकटी येतात, त्यांतली बटणं मुद्दाम फसवी रचलेली असतात, वाचून दाबावीत. मशीन पुन्हा सुरू करावं. जाहिराती दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी मालवेअरबाइट्स कंपनीचा ॲडडब्ल्यूक्लीनर हा छोटा आणि मोफत प्रोग्राम चांगला आहे. त्यानंतर डिफेंडरची ‘फुल स्कॅन’ आणि शेवटी ‘ऑफलाइन स्कॅन’. ऑफलाइन स्कॅनमध्ये कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज उठण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये स्वतःला लपवणारे प्रोग्रामही सापडू शकतात. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. संध्याकाळी लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी.

ब्राउझर वेगळा तपासावा लागतो. अनोळखी एक्स्टेन्शन काढूनही परत येत असेल तर दोन शक्यता असतात. गुगल खात्याचं सिंक चालू असल्याने दुसऱ्या मशीनवरून ते परत उतरत असेल, किंवा कुणीतरी ब्राउझरवर धोरण लादलेलं असेल. क्रोमच्या मेनूत तळाशी ‘तुमची संस्था हा ब्राउझर नियंत्रित करते’ अशा अर्थाची ओळ घरच्या कॉम्प्युटरवर दिसली, तर थांबून विचार करावा. काही अँटीव्हायरसमुळेही ती येते, पण घरी कुठली संस्था? सफाईनंतर अचानक नेट बंद पडलं तर विंडोजच्या ‘प्रॉक्सी’ सेटिंगमध्ये पाहावं. उपद्रवी प्रोग्राम सगळी रहदारी स्वतःमधून वळवून घेतो आणि तो गेल्यावर वळण तसंच राहतं. तिथली प्रॉक्सी बंद केली की नेट सुरू होतं.

गावात आजही संसर्गाची मोठी वाट पेन ड्राइव्ह आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिलेला पेन ड्राइव्ह दिवसभरात कितीतरी मशीन फिरून आलेल्या दुसऱ्या पेन ड्राइव्हांच्या संगतीत राहतो. घरी आणून उघडला तर फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. तो बाण म्हणजे शॉर्टकट. खरे फोल्डर लपवले गेलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी उपद्रवी प्रोग्राम चालतो आणि लगेच खरा फोल्डर उघडतो, म्हणून माणसाला काही वावगं वाटतच नाही. पेन ड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्राम आपोआप चालण्याची जुनी सोय मायक्रोसॉफ्टने २०११ पर्यंत विंडोजच्या तेव्हाच्या सर्व आवृत्त्यांत बंद केली. त्यामुळे आज तो माणसाच्या क्लिकची वाट पाहतो. बाण दिसला की क्लिक करू नये, पेन ड्राइव्हवर उजवं क्लिक करून डिफेंडरने तपासावा आणि मग फोल्डर ऑप्शन्समधून लपवलेल्या फाइल दिसतील अशी व्यवस्था करून आपलं काम बाहेर काढावं.

तिथेच आणखी एक खूण आहे, फाइलचं शेपूट दाखवण्याची. विंडोज ते मुळात लपवून ठेवतं. ‘विमा पावती डॉट पीडीएफ’ असं दिसणाऱ्या फाइलचं खरं नाव ‘विमा पावती डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असू शकतं, वर चित्रही पीडीएफचंच चिकटवलेलं. शेवटचा अक्षरगट दिसू लागला की हा डाव उघडा पडतो. कागद कधीच ईएक्सई नसतो. फोनवर पीएम किसानच्या किंवा वाहन चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फाइल याच डावाची भावंडं आहेत.

आता फॉरमॅटकडे. दुकानात फॉरमॅट मारून मिळालेलं विंडोज पुष्कळदा चोरीचं असतं आणि ते चालू करण्यासाठी ‘ॲक्टिव्हेटर’ वापरलेला असतो. हा ॲक्टिव्हेटर टाकताना अँटीव्हायरस बंद करावा लागतो, कारण तो त्याला अडवतो. म्हणजे रोग काढायला नेलेल्या मशीनवर पहारा उठवून अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्राम सर्वाधिकार देऊन चालवला जातो. केएमएसपिको हा यांतला सर्वांत प्रसिद्ध ॲक्टिव्हेटर. त्याच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून पासवर्ड चोरणारा क्रिप्टबॉट पसरत असल्याचं रेड कॅनरी या कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिलं. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून घरगुती वापरकर्त्यांच्या फाइल कुलूपबंद करणारा ‘स्टॉप’ हा खंडणीखोर प्रोग्रामही असाच पसरला.

आणि यातली सर्वांत चुटपुट लावणारी बाब ही की पुष्कळांना चोरीच्या विंडोजची गरजच नसते. विंडोज सोबत घेऊन आलेल्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपचा परवाना त्यांच्या मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मोफत मिळणाऱ्या साधनाने तीच आवृत्ती, समजा ‘होम’, पुन्हा टाकली तर नेट लागताच ती आपोआप वैध ठरते. दुकानदार मात्र हाताशी असलेल्या पेन ड्राइव्हवरून ‘प्रो’ टाकतो, परवाना जुळत नाही आणि मग ॲक्टिव्हेटर येतो. मशीन दुरुस्तीला देण्याआधी सेटिंग्जमधल्या ‘ॲक्टिव्हेशन’ पानाचा फोटो काढून ठेवावा आणि ‘जी आवृत्ती आहे तीच टाका’ असं दुकानदाराला स्पष्ट सांगावं. खरं तर सेटिंग्जमधल्या ‘रीसेट धिस पीसी’ने हे काम घरीही होतं, त्यात स्वतःच्या फाइल ठेवण्याचा पर्यायही आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीन पेलत असेल तर हीच वेळ ११ वर जाण्याचीही आहे.

सफाई झाली तरी एक काम उरतं. आजचे पासवर्डचोर प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकी काही सेकंदांत उचलून नेतात. अशा लुमा नावाच्या चोराविरुद्ध मायक्रोसॉफ्ट आणि युरोपोल यांनी मे २०२५ मध्ये कारवाई केली, तेव्हा आदल्या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटरवर तो सापडला होता. चोरलेली कुकी असली तर ओटीपीचीही गरज पडत नाही. म्हणून ईमेल, बँक आणि सोशल मीडियाचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलावेत आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत केलं. त्याचा उगम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्या मालवेअरने एटीएमचे व्यवहार मंजूर करणारी बनावट व्यवस्था उभी केली आणि २८ देशांतल्या यंत्रांतून पैसे निघाले. हाँगकाँगला वळवलेले धरून एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. घरच्या कॉम्प्युटरवर बँकेइतकं काही नसतं हे खरं, पण त्यावरचं सगळं त्या घराचं असतं.

आणि गावात एक कॉम्प्युटर असा आहे ज्यावर सगळ्या घरांचं काही ना काही असतं: आपले सरकार सेवा केंद्राचा. आधार, बँक पासबुक, जातीचे दाखले, पीक विम्याचे अर्ज, सगळं त्या एका डिस्कवर स्कॅन होऊन पडतं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून सुरू आहे. बॉटसारखे उपद्रवी प्रोग्राम काढणारी साधनं तिथे मोफत मिळतात, क्विक हीलने बनवलेलंही त्यांत आहे. सीडॅकचा ‘यूएसबी प्रतिरोध’ हा पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारा प्रोग्रामही फुकट आहे. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी हे दोन्ही आजच उतरवून घ्यावेत, मशीनवर परवान्याचं विंडोज ठेवावं, मुलांच्या गेमसाठी वेगळं मशीन वापरावं आणि अर्ज भरून झाल्यावर लोकांची कागदपत्रं पुसून टाकावीत. आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने आपला अर्ज भरून झाला की ‘माझ्या फाइल काढल्या का’ हे संकोच न करता विचारावं.